आशेचा नांगर

मराठी बायबलात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. वसई-मुरुडच्या माणसाने हे ऐकले तर त्याला तळाशी रुतलेला लोखंडी आकडा दिसेल. जुन्नर-आंबेगावात ऐकले तर काय दिसत असावे? घोडेगाव काय, ओतूर काय, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. इकडे नांगर म्हणजे बैलांमागे जमीन फोडत जाणारा. संकटात सापडलेल्या जिवाला एक जण सांगतो आहे, ‘जागचा हलू नकोस’. दुसऱ्याला ऐकू येते आहे, ‘चालता हो, भुई फोड.’ शब्द मात्र एकच.

खरे तर शब्द दोन असावेत. शेतातला नांगर हा संस्कृत ‘लांगल’वरून आला. ल आणि न यांची अदलाबदल आपल्याकडे जुनीच आहे, निंब आणि लिंब एकाच झाडाची नावे आहेत. ‘लांगल’ हा शब्द मुळात संस्कृताचाही नसावा. तमिळात नांगराला ‘नाञ्जिल्’ म्हणतात, मुंडा भाषांतही जवळचे शब्द सापडतात. तेव्हा आर्यभाषा बोलणाऱ्यांनी तो इथल्या आधीच्या शेतकऱ्यांकडून उचलला, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत दिसते. गलबताचा नांगर मात्र फारसी ‘लंगर’ असावा. बंदरावर ‘लंगर’ आला, त्याला घरातला ‘नांगर’ ओळखीचा वाटला आणि दोघे एका उच्चारात मिसळले. ग्रीक मुळात या जागी ‘आंग्कुरा’ आहे. वाकडेपणा दाखवणाऱ्या ज्या मुळातून तो निघाला, त्याच कुळात आपला ‘अंकुश’ बसतो.

जुन्नरच्या श्रोत्याला नांगर दिसला तर तो चुकला, असे मला म्हणवत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात खराखुरा शेतातला नांगर आहेच. नांगरणाऱ्याच्या आणि मळणी करणाऱ्याच्या मनात आपल्या वाट्याची आशा असावी, असे तो म्हणतो. म्हणजे आशेला दोन्ही नांगर मूळ ग्रंथातच जडलेले आहेत. मराठीने योगायोगाने त्यांना एक नाव दिले, इतकेच.

आता ‘आशा’ या शब्दाकडे वळू. ख्रिस्ती मराठीत विश्वास, आशा आणि प्रीती हे त्रिकूट पक्के बसलेले आहे. पण हा शब्द निवडणाऱ्यांनी केवढे धाडस केले, हे सहसा लक्षात येत नाही. संस्कृतात आशा हा काही सद्गुण नव्हे. एका प्रसिद्ध सुभाषितात ती अजब साखळी आहे; तिने बांधलेला धावत सुटतो आणि तिच्यातून सुटलेला पांगळ्यासारखा जागच्या जागी राहतो. भागवताच्या अकराव्या स्कंधातली पिंगला आशा सोडते तेव्हाच तिला सुखाची झोप लागते, आणि एकनाथांनी मराठीत आणलेला स्कंध हाच. गीतेत योग्याला ‘निराशी’ म्हटले आहे, तेही गौरवाने. (तो शब्द व्याकरणाने ‘आशिस्’चा, ‘आशा’चा नव्हे, पण ऐकणाऱ्याच्या कानाला हा भेद क्वचितच जाणवला असेल.) अशा भाषेत कोणी येऊन ‘आशा धरा’ म्हणाला, तर वारकरी श्रोता बुचकळ्यात पडला असेल. जी सोडण्यासाठी आयुष्यभर नाम घेतले, तीच धरायची?

संस्कृतात आणखी एक ‘आशा’ आहे, तिचा अर्थ दिशा. दिगंबराला ‘आशांबर’ही म्हणतात ते त्यामुळे. कोशकार इच्छेची आशा ‘आ + शंस्’वरून आणि दिशेची आशा ‘अश्’, म्हणजे पोहोचणे, या धातूवरून लावतात. दोन्ही बहिणी सख्ख्या नाहीत. तरी कवींनी दोघींवर श्लेष केले नसते तरच नवल.

आशेसाठी ग्रीकात असलेल्या ‘एल्पिस’चे चारित्र्य तपासले तर तेही तसेच संशयास्पद निघते. हेसियडच्या कथेत पँडोराने झाकण उघडल्यावर साऱ्या पीडा बाहेर पडल्या आणि रांजणात एकटी एल्पिस उरली. ती माणसासाठी राखलेला दिलासा की पीडांपैकीच शेवटची, यावर पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. जुन्या ग्रीकात एल्पिस म्हणजे नुसती अपेक्षा, वाईटाचीसुद्धा. पौलाने तिला उचलून श्रद्धा आणि प्रीती यांच्या मधल्या आसनावर बसवले.

ग्रीकाचा विषय निघालाच आहे तर जुन्नरला थांबलेच पाहिजे. इथल्या लेण्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणवणाऱ्या दात्यांचे प्राकृत लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. ‘यवन’ हा ‘आयोनियन’चा इकडचा अवतार, पुढे अर्थ बदलत बदलत मुसलमानांना लागलेला. इरिलाच्या घरात तेव्हा ‘एल्पिस’ हा शब्द बोलला जात होता की नाही, कोण सांगणार? पण नाणेघाटातून चढणाऱ्या मालाबरोबर तो शब्द कोणाच्या तरी तोंडून जुन्नरात उच्चारला गेला असावा, असे मानायला मला आवडते. खुद्द ‘जुन्नर’ हे ‘जीर्णनगर’चे रूप मानतात: प्राकृत ‘जुण्ण’, त्यावरून आपले ‘जुने’. सातवाहनांच्या नंतर कधीतरी हे गाव इतके जुने झाले की जुनेपणा हेच त्याचे नाव झाले.

तिसरी भाषा हिब्रू. आशेसाठी हिब्रूत ‘तिक्वा’ हा शब्द आहे आणि त्याचा दुसरा अर्थ आहे दोर. यहोशवाच्या पुस्तकातली यरीहो नगरातली राहाब खिडकीला किरमिजी दोर बांधते, तो दोर म्हणजे ‘तिक्वा’च. नगर पडते तेव्हा त्या खुणेने तिचे घर वाचते. वाट पाहणे आणि पीळ भरणे, ताणणे या दोन कल्पना तिथल्या धातूत एकत्र आलेल्या दिसतात. म्हणजे संस्कृत कवीला आशेत साखळी दिसली आणि हिब्रू बोलणाऱ्याच्या कानात दोर होता. प्रतिमा जवळजवळ एकच, एकीकडे ती बांधून घालते, दुसरीकडे तारते. मराठी यात कुठे उभी आहे? आपण आशा ‘धरतो’ आणि आशा ‘सोडतो’. उमेद खचते, भरवसा उडतो, धीर सुटतो. पण धरण्या-सोडण्याची क्रिया आशेलाच खरी शोभते. साधूंनी सोडायला सांगितलेली वस्तू मिशनऱ्यांनी धरायला सांगितली, तरी क्रियापदांची जोडी आधीपासून तयार होती, आणि दोन्ही क्रियापदे हातातल्या दोराची आहेत.

गोव्याने वेगळी वाट धरली. कोकणी ख्रिस्ती त्रिकूट आहे भावार्थ, भरवंसो आणि मोग. यातला ‘भावार्थ’ आज मराठीत सारांशापुरता उरला आहे. पण फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणातही तो श्रद्धेसाठी येतो आणि एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’शी त्याचे नाते उघड आहे. आशेसाठी मात्र तिथे ‘आशा’ नाही, ‘भरवंसो’ आहे. आपल्या संतांच्या बोलीतला ‘भरंवसा’ तो हाच. हिंदी कोशकारांनी ‘भरोसा’ हा ‘वर + आशा’ असा फोडून पाहिला आहे. मला तो ओढूनताणून लावलेला वाटतो, ‘भर’ घालणे, भार टाकणे याच्याशी त्याचे नाते अधिक सरळ दिसते. तसे असेल तर आशा म्हणजे धरायची वस्तू आणि भरवंसा म्हणजे अंग टाकायची जागा. संकटात माणसाच्या हातात धरण्याइतके बळ नसते, तेव्हा गोव्याचा शब्द मला अधिक दयाळू वाटतो.

फारसी ‘उमेद’ही हाताशी होती. निजामशाहीची पहिली गादी जुन्नरची, पुढे मोगलाईही आली. फारसी इथे कचेरीची भाषा म्हणून शतके नांदली. पण ‘उमेद’ने मराठीत कमरेची ताकद असा अर्थ घेतला आणि ‘उमेदवार’ नोकरीच्या आशेने कचेरीत ताटकळू लागला, अलीकडे मते मागू लागला. धर्मग्रंथात तिला जागा मिळाली नाही. फारसीचे वावडे म्हणून हे झाले नसावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली आपल्या मंडळीला ‘देवाचा दरबार’ असे नाव दिलेच की.

आणि ज्या काळोखात ही आशा धरायची, त्याचे काय? तेविसाव्या स्तोत्रात मृत्युच्छायेची दरी आहे. हिब्रू शब्द ‘त्साल्मावेत’. जुन्या परंपरेने तो ‘त्सेल’ म्हणजे छाया आणि ‘मावेत’ म्हणजे मृत्यू असा फोडला. नवे अभ्यासक त्यात नुसता गडद अंधार पाहतात आणि अंधारवाचक सेमिटिक मुळाशी त्याला जोडतात. अरबीत त्या मुळाची रूपे ‘जलाम’, म्हणजे अंधार, आणि ‘जुल्म’, म्हणजे अन्याय, अशी दिसतात. हे जुळत असेल तर स्तोत्रातली ती दरी आणि आपला ‘जुलूम’ नात्यातले ठरतात. ‘दरी’ शब्द मात्र संस्कृताचा, ‘दॄ’ म्हणजे फाटणे, दुभंगणे या धातूचा. कालिदासाच्या वेळी दरी म्हणजे गुहा. मराठीत ती डोंगरांमधली खोल जागा झाली. जुन्नरला दोन्ही अर्थ एका नजरेत दिसतात. ‘दरड’ही त्याच कुळातली असावी. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५० हून अधिक माणसे गेली. तेव्हापासून या भागात ‘दरड’ हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जातो. इथल्या कोणी ते स्तोत्र ऐकले तर ‘दरी’ला टीप लावावी लागत नाही.

पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, केडगावला, पंडिता रमाबाई ही हिब्रू आणि ग्रीक शब्दसंपत्ती स्वतः उलगडत बसल्या होत्या. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या लहानपणासारख्याच उपाशी मुली त्यांनी गोळा करून आणल्या आणि त्या घराला नाव दिले ‘मुक्ती’: वेदान्त्यांचाच शब्द, आता ख्रिस्ती तारणाच्या अर्थाने. बायबलाचे त्यांचे भाषांतर संस्कृतप्रचुर मराठी टाळून केलेले, त्यांच्याच संस्थेत छापलेले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा वारली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

१९०७ सालचे आपले आत्मकथन रमाबाईंनी ‘साक्ष’ म्हणून मांडले. आजही ख्रिस्ती सभेत कोणी उठून आपल्या वाईट दिवसांत देव कसा भेटला ते सांगतो, त्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. साक्षी हा शब्द ‘स’ आणि ‘अक्षि’ यांचा: डोळ्यांसह असलेला, ज्याने स्वतः पाहिले तो. इकडे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की डोळ्यांपुढे असलेल्या गोष्टीची आशा कोणी करत नाही. दिसली की ती आशा राहिली नाही. मग न दिसणाऱ्या वस्तूची साक्ष डोळ्यांनी कशी द्यायची? माझा तर्क असा की साक्ष देणारा वस्तूविषयी बोलत नसावा. त्याने दोर पाहिलेला असतो, पलीकडचे टोक नव्हे. राहाबच्या खिडकीतून बाहेरही तेवढेच दिसत होते.