कर्करोग नियंत्रण आणि आरोग्यातील समता : अमेरिकेतील डेलावेअर राज्याचा अनुभव (२००१ ते २००९)

प्रस्तावना :

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात रोगांविरुद्धच्या मोहिमांची नोंद बहुधा औषधे, लसी व संशोधक यांच्या नावाने केली जाते. त्या मोहिमेचा लाभ समाजाच्या कोणत्या घटकाला किती मिळाला, हा प्रश्न मात्र मागे पडतो. अमेरिकेत २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यामुळे संशोधनास मोठे पाठबळ लाभले. तथापि कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय नागरिकांच्या मृत्युदरांतील तफावत केवळ संशोधनाने मिटली नाही. पुढे १९९८ मध्ये रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने सर्वसमावेशक कर्करोग नियंत्रण आराखडे आखण्यासाठी राज्यांना साहाय्य देण्यास प्रारंभ केला. शासन, रुग्णालये, स्वयंसेवी संस्था व रुग्ण यांनी एकत्र बसून संपूर्ण राज्याचा आराखडा ठरवावा, ही त्यामागील भूमिका होती. अशा सामूहिक नियोजनातून समता कितपत साधते, याचा विचार डेलावेअर राज्याच्या उदाहरणावरून प्रस्तुत निबंधात केला आहे.

नियोजनाची सुरुवात :

डेलावेअर हे अवघ्या तीन काउंट्यांचे राज्य असून २००० मध्ये त्याची लोकसंख्या आठ लाखांहून कमी होती. १९९० च्या दशकात तेथील कर्करोगाचा मृत्युदर राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक होता. मार्च २००१ मध्ये राज्य विधिमंडळाच्या ठरावान्वये सल्लागार मंडळ स्थापन झाले. तेव्हाच्या गव्हर्नर रूथ अ‍ॅन मिनर यांच्या पतीचे १९९१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले होते. मंडळाने २००२ मध्ये आपला अहवाल सादर केला व त्याच्या अंमलबजावणीसाठी ‘डेलावेअर कॅन्सर कन्सोर्टियम’ ही संघटना पुढे आली. तंबाखू कंपन्यांशी १९९८ मध्ये झालेल्या तडजोडीतून राज्याला मिळणारा पैसा या कामासाठी उपलब्ध झाला.

तपासणी आणि उपचाराची हमी :

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर विशेष लक्ष केंद्रित करण्यात आले. दुर्बिणीद्वारे आतड्याची तपासणी करताना कर्करोगापूर्वीच्या गाठी आढळल्यास त्या त्याच वेळी काढता येतात. त्यामुळे रोग लवकर सापडतोच, शिवाय काही प्रमाणात टळतोही. विमा नसलेल्यांच्या तपासणीचा खर्च शासनाने उचलला. लोकांना तपासणीपर्यंत आणण्यासाठी मार्गदर्शक परिचारिका नेमण्यात आल्या, तसेच कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये सामाजिक संस्थांच्या साहाय्याने संपर्क साधण्यात आला.

तथापि या योजनेचा गाभा तपासणीच्या पुढे होता. ज्याच्याजवळ उपचारासाठी पैसा नाही, त्याला रोगाचे निदान म्हणजे केवळ नवी चिंता होय; असा माणूस तपासणी टाळतो, यात नवल नाही. डेलावेअरने २००४ मध्ये विमा नसलेल्या रुग्णांसाठी उपचार कार्यक्रम सुरू केला. दारिद्र्यरेषेच्या साडेसहापटीपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना त्याचा लाभ घेता येई. मध्यमवर्गीय कुटुंबही कर्करोगाच्या खर्चाने कोलमडते, हे वास्तव या मर्यादेत मान्य केले गेले.

फलित :

स्टीफन ग्रब्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या कार्यक्रमाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार २००२ ते २००९ या काळात पन्नाशी ओलांडलेल्या कृष्णवर्णीयांमधील तपासणीचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेले व श्वेतवर्णीयांच्या बरोबरीला आले. कृष्णवर्णीय रुग्णांत रोग आतड्याबाहेर पसरल्यानंतर निदान होण्याचे प्रमाण ७९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत घटले. त्यांच्या मृत्युदरात ४२ टक्के घट झाली आणि तो श्वेतवर्णीयांच्या दराच्या जवळपास आला.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. हा नियंत्रित प्रयोग नव्हता. ती पूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना होती. याच काळात देशभरातही या कर्करोगाचे प्रमाण घटत होते. राज्य लहान असल्याने रुग्णसंख्याही मर्यादित होती. असे असले तरी एकाच राज्यातील दोन समाजघटकांमधील अंतर जवळजवळ नाहीसे व्हावे, याचे स्पष्टीकरण केवळ राष्ट्रीय प्रवाहाने होत नाही.

निष्कर्ष :

वांशिक विषमतेचे कारण अनेकदा रुग्णांच्या अज्ञानात किंवा उदासीनतेत शोधले जाते. डेलावेअरचा अनुभव या समजुतीस छेद देतो. तपासणी परवडणारी झाली, हात धरून नेणारे कोणी भेटले आणि निदानानंतर वाऱ्यावर सोडले जाणार नाही याची खात्री पटली, तेव्हा लोक आले. आराखड्यात समता हा शब्द लिहिणे सोपे असते. परंतु तिच्यासाठी निधी राखून ठेवणे आणि प्रत्येक समाजघटकाचे आकडे स्वतंत्रपणे मांडणे, ही खरी कसोटी होय. डेलावेअरचे यश या कसोटीस उतरण्यात आहे, आणि म्हणूनच वैद्यकाच्या इतिहासाबरोबर शासनव्यवहाराच्या इतिहासातही त्याची नोंद व्हावयास हवी.