बालविवाह होतोय हे कळलं, तर सांगायचं कोणाला?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार धुळे जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 40 टक्के महिलांचं लग्न अठराव्या वर्षाआधीच झालं होतं. राज्याचं प्रमाण 21.9 टक्के होतं. कमी वयातलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांसाठी धोक्याचं असतं. युनिसेफ आणि यूएनएफपीए यांनी 2016 मध्ये बालविवाहाविरोधात सुरू केलेल्या 12 देशांच्या कार्यक्रमात भारतही आहे. पण ठरलेलं लग्न थांबवायला गावातलाच माणूस लागतो. धुळे असो वा जळगाव, खेड्यात ही जबाबदारी ग्रामसेवकाची. तोच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. 1098 वरही मोफत फोन करता येतो. लग्न झालंच, तरी 2006 च्या कायद्याने मुलगी 20 वर्षांची होईपर्यंत ते रद्द करून घेण्यासाठी जिल्हा न्यायालयात जाऊ शकते.