मास्तर किती, मुलं किती?

२०१६ च्या फेब्रुवारीत मामा आणि मी गहुंज्याला रणजीची फायनल बघायला गेलो होतो. मुंबई विरुद्ध सौराष्ट्र. श्रेयस अय्यरचं शतक, आणि तिसऱ्याच दिवशी मुंबई डावाने जिंकली. परत येताना मी म्हटलं, "काही म्हण मामा, चंद्रकांत पंडित कोच म्हणून मोठाच." मामा शांतपणे म्हणाला, "हे ४१ वं विजेतेपद. आधीची ४० सगळी त्यानेच मिळवून दिली का रे?"

मी गप्प. २००३ आणि २००४ ची पंडितचीच, पण बाकीची? ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पहिला नंबर येतो, तिथे शिकवणीच्या मास्तरांची परीक्षा होणार कशी!

पुढच्याच मोसमात मुंबई फायनलला गुजरातकडून हरली आणि पंडितला नारळ मिळाला. तो गेला नागपूरला. विदर्भ १९५७ पासून रणजी खेळत होता, पण फायनल एकदाही नाही. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ विजेता! पुढच्या वर्षी पुन्हा. मी लगेच मामाला फोन लावला. "वसीम जाफर होता की. आणि त्यांची अकॅडमी तर पंडितच्या आधीपासूनची," इति मामा. बरोबरच होतं.

मग मध्य प्रदेश. १९९९ साली बंगळुरूला पंडितच त्यांचा कप्तान होता. पहिल्या डावात आघाडी घेऊनही ते फायनल हरले. २३ वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच चिन्नास्वामी मैदानावर कोच म्हणून त्याने त्यांना पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. समोर कोण? मुंबई! पंडितला रडू आवरलं नाही. त्या दिवशी मामाचा फोन आला नाही.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. २०२४ ला कोलकाता आयपीएल जिंकलं तेव्हा पंडित कोच होता आणि कौतुक मुख्यतः गंभीरचं झालं. २०२५ ला तोच संघ आठवा आला, पंडित बाहेर. माणूस तोच, वर्षभरात काय बिघडलं?

आणि त्याच २०२५ मध्ये विदर्भाने पंडितशिवाय रणजी जिंकली. मामा म्हणाला, "बघ." मी म्हटलं, "कप्तान बघ." अक्षय वाडकर. २०१८ च्या फायनलला पंडितच्या संघातून शतक काढणारा पोरगा. आता हे श्रेय अकॅडमीचं, वाडकरचं की जुन्या कोचचं? वेगळं काढताच येत नाही.

तरी मला वाटतं, एक मोजपट्टी आहे. कप मोजू नयेत, संघ हाती आला तेव्हा कुठे होता ते बघावं. एकदा जमलं तर नशीब म्हणू. पण कधीच न जिंकलेले दोन संघ लागोपाठ जिंकवले, तर माणसात काहीतरी आहे.

परवा भाचीसाठी एका क्लासमध्ये चौकशीला गेलो होतो. भिंतभर ९५ टक्केवाल्यांचे फोटो. मी विचारलं, "६० टक्क्यांवर आलेल्यांचं पुढे काय झालं?" त्यांनी माहितीपत्रक पुढे केलं.

असो. शोध चालू आहे. मामाला सांगितलं तर हसला, आणि पहिल्यांदाच म्हणाला, "पंडितला विचार."