डी-२५ आणि ऊसतोड बाई

"पिशवीला गाठ आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल." बीडच्या ऊसतोड बायकांनी हे इतक्यांदा ऐकले की त्यांना ते पाठ झाले. आता डॉक्टरांच्याच वहीत काय लिहिलेय ते पाहू.

बर्टिलाँ यांची १८९३ ची यादी मृत्यूच्या कारणांपुरती होती. जिवंत माणसाचे आजार तिच्यात नीट आले ते १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत. पुढे फायब्रॉइडला नवव्या आवृत्तीत २१८ आणि दहाव्यात डी-२५ हा क्रमांक मिळाला. कॅन्सरचे क्रमांक 'सी'ने सुरू होतात. डी-२५ साध्या गाठींच्या गटात आहे! गाठ अस्तराखाली असेल तर डी-२५.०, स्नायूत डी-२५.१, बाहेरच्या आवरणाखाली डी-२५.२. जागा न लिहिणाऱ्यांसाठी डी-२५.९. आम्ही पाहिलेल्या डिस्चार्ज कार्डांवर मात्र नुसते 'गाठ'.

फायब्रॉइड खोटा नसतो, कधी ऑपरेशन लागतेही. पण २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. इतक्या जणींना गाठी होत्या? की खाडा परवडत नाही म्हणून पाळीच काढून टाकली? कागदावर कारणच नसेल तर उत्तर कोण देणार?

बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितले. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली तर कारणासह नोंद द्यायची, असे त्यात आहे. मित्रांनो, आपल्या जिल्ह्यातल्या त्या नोंदी मागायला आम्ही माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला घेतलेत. सोबत कोण येतंय?