अनइन्स्टॉल केलं, तरी कॉम्प्युटरमध्ये काय उरतं?

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर लोकांचे अर्ज भरले जातात. असा कॉम्प्युटर विकायची वेळ आली, की सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केली जातात आणि काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड तिथेच असू शकतात.

असं का होतं? अनइन्स्टॉलर मुख्यतः इन्स्टॉल करताना आलेल्या फाइल काढतो. वापरताना तयार झालेली माहिती, म्हणजे सेटिंग, हिस्टरी, पासवर्ड, तो सहसा मुद्दाम ठेवतो. उद्या तुम्ही तेच सॉफ्टवेअर परत टाकलं तर हाताशी असावी म्हणून. क्रोम काढताना ब्राउझिंग डेटाही काढायचा का, असा एक चौकोन दिसतो. घाईत त्याकडे लक्ष जात नाही. फायरफॉक्स काढलं तरी त्याचं प्रोफाइल मागे राहतं.

विंडोजमध्ये हे उरलेलं सामान बहुतेक वेळा 'प्रोग्राम फाइल्स', 'प्रोग्रामडेटा' आणि तुमच्या युजर फोल्डरमधल्या 'अ‍ॅपडेटा'त सापडतं. शेवटचे दोन लपवलेले असतात. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'हिडन आयटम्स' सुरू केलं की दिसतात. काढलेल्या सॉफ्टवेअरच्या किंवा कंपनीच्या नावाचं फोल्डर शोधा. लगेच उडवू नका. आधी नाव बदलून ठेवा. चार दिवस काही अडलं नाही, तर डिलीट करा.

नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये दुकानाचा हिशोब असतो. जुनी पत्रं श्रीलिपीत टाइप केलेली असतील, तर तिचे फॉन्टही राहू द्या. ते गेले की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो.

रजिस्ट्री साफ करून देणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. तिथल्या उरलेल्या नोंदींनी जागा अगदी थोडी अडते, आणि चुकीची नोंद गेली तर विंडोजच बिघडू शकतं. रजिस्ट्री क्लीनर वापरायला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

कॉम्प्युटर विकायचाच असेल, तर हे शोधत बसू नका. 'डाउनलोड्स'मध्ये पडलेल्या गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांच्या स्कॅनला कुठलाच अनइन्स्टॉलर हात लावत नाही. गरजेचा बॅकअप घ्या, 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढच्या सेटिंगमध्ये 'क्लीन डेटा' सुरू करा. याला काही तास लागू शकतात, म्हणून चार्जर लावून ठेवा.