एरंडाचं गुऱ्हाळ: विमानातून फियाटपर्यंत

कुणी उगाच लांबण लावली की आपण म्हणतो, ‘काय एरंडाचं गुऱ्हाळ लावलंय!’ उसाचा रस निघतो, एरंडाचा काय निघणार? तर आज मी खरोखरच एरंडाचं गुऱ्हाळ लावणार आहे. इयरफोन नीट बसवा.

निमित्त आहे आमगावकडच्या एका मित्राचं. त्याच्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. भाऊनं तिचं इंजिन खोलून, नवे रिंग-पिस्टन टाकून पुन्हा बांधून घेतलं. आता कुठल्याशा व्हिडिओत त्यानं पाहिलं की जुन्या रेसच्या गाड्यांत एरंडेलापासून केलेलं रेसिंग ऑईल घालायचे आणि त्याचा जळका-गोडसर वास म्हणजे स्वर्ग. मला विचारतो, ‘आपण घालायचं का? रेसला चालतं तर घरच्या गाडीला उलट चांगलंच की!’ प्रश्न साधा वाटतो. पण इंजिनवर त्याचे दोन पगार गेलेत, आणि पद्मिनीचं इंजिन हातानं ओळखणारे मिस्त्री आता मोजकेच उरलेत. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं, आणि ते इतिहासात आहे.

सुरुवात आपल्याच रस्त्यावरून. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्यात एरंडी काही मुख्य पीक नाही. आपण धानवाले. एरंडी उगवते ती उकिरड्यावर, धुऱ्यावर, कुणी न लावता. ‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हणही त्याला हिणवणारीच. पण तेल मात्र कामाचं. दिव्याला, चामड्याला, पोट साफ करायला (इथे सगळ्यांचं तोंड वाकडं झालं असेल) आणि गाडीच्या कण्याला. लाकडी चाकाच्या खासराला वंगण लागायचं, आणि एरंडेल हे त्या कामाचं जुनं तेल. मग रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या रेल्वे कंपन्या वंगणासाठी आणि दिव्यांसाठी एरंडेल मोठ्या प्रमाणात वापरत होत्या. विचार करा, १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी निघाली, पुढे गोंदिया जंक्शन झालं, सातपुड्याकडे जाणारी नॅरोगेज निघाली, त्या जमान्यात ‘वनस्पती तेलावर चालणारं यंत्र’ यात कुणाला काही नवल नव्हतं. नवल वाटायला लागलं ते नंतर, जमिनीतून निघणारं खनिज तेल स्वस्त झाल्यावर.

मग एरंडेल मागे पडायला हवं होतं. पण तेवढ्यात माणूस उडायला लागला.

१९०८-०९ च्या सुमारास फ्रान्समध्ये सेगँ बंधूंनी ‘नोम’ नावाचं विमानाचं इंजिन आणलं. हे इंजिन एकदम उलट्या डोक्याचं. आपल्या गाडीत इंजिन बोल्ट मारून घट्ट बसवलेलं असतं आणि आत क्रँकशाफ्ट फिरतो. इथे क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला, आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं! का? तर फिरताना हवा लागून ते आपोआप थंड राहायचं. पाण्याचं, रेडिएटरचं वजन वाचलं. याला रोटरी इंजिन म्हणतात.

पण यात एक गोची होती. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे जिथे तेल असतं तिथूनच सिलिंडरकडे जायचं. खनिज तेल पेट्रोलमध्ये सहज विरघळतं. म्हणजे पेट्रोल जाता जाता वंगण धुऊन नेणार आणि धातूवर धातू घासणार. एरंडेल मात्र पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. झाला प्रश्न निकाली.

हे असं का, ते थोडक्यात सांगतो. एरंडेलातलं जवळजवळ ९० टक्के स्निग्धाम्ल एकाच प्रकारचं असतं, रिसिनोलिक आम्ल. त्याच्या लांब साखळीत बाराव्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते. इतर खायच्या तेलांत ती नसते. त्या जोडीमुळे रेणू एकमेकांना धरून राहतात, म्हणून तेल इतकं दाट. ते धातूलाही चिकटतात, म्हणून प्रचंड दाबाखालीही पापुद्रा फाटत नाही. आणि पेट्रोलशी त्यांचं फारसं जमत नाही, अल्कोहोलशी मात्र छान जमतं. शेजारच्या शेतातलं जवसाचं तेल बघा. धान निघाल्यावर आपल्याकडे बांधीत जवस टाकतात, तेच. ते हवेत सुकून कडक होतं, म्हणून रंगात आणि व्हार्निशात जातं. तेही वनस्पती तेलच, पण इंजिनात घातलं तर इंजिनाला आतून रंग मारल्यासारखं होईल. म्हणजे ‘वनस्पती तेल’ या एका नावाखाली काहीही येतं.

पहिल्या महायुद्धात रोटरी इंजिनं शेकड्यांनी नाही, हजारांनी उडाली. आणि रोटरी इंजिन तेल साठवून पुन्हा वापरत नाही. जातं ते गेलं. काही जळतं, उरलेलं धुरातून आणि फवाऱ्यातून बाहेर, तासाला कित्येक लिटर. हा फवारा थेट पायलटच्या तोंडावर. गॉगल पुसायला गळ्यात रेशमी स्कार्फ, आणि पोटात गेलेल्या एरंडेलाचा परिणाम काय होतो ते मी मराठी माणसाला सांगायला नको.

या खुर्चीत आपली माणसंही बसली होती. हरदितसिंग मलिक ‘सॉपविथ कॅमल’ उडवायचे, रोटरी इंजिनवालं. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्यांच्या पायात गोळ्या लागल्या, तरी ते विमान आपल्या बाजूला घेऊन आले. पुढे ते स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर ‘सॉपविथ डॉल्फिन’ उडवत होते, जून १९१८ मध्ये ते गेले. डॉल्फिनचं इंजिन पाण्यानं थंड होणारं होतं, रोटरी नव्हे. त्यामुळे ‘मराठी पायलटनं एरंडेल खाल्लं’ असली खमंग ओळ मला मिळाली नाही. पण वेलिंगकरांचं नाव आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही, हे मला जास्त लागतं.

एवढं तेल यायचं कुठून? भारतातून. एरंडी तेव्हाही आपला माल होता. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा त्यांच्या सैन्यानं आशियातून एरंडीचं बियाणं मागवलं आणि आपल्या शेतकऱ्यांकडून लाखभर एकरांवर पेरून घ्यायचा घाट घातला. आपल्या उकिरड्यावरचं झाड तिकडे युद्धसामग्री झालं होतं!

त्याच काळात हे तेल गाड्यांतही शिरलं. चार्ल्स वेकफील्ड या इंग्रजानं १८९९ साली वंगणाची कंपनी काढली होती. १९०९ मध्ये त्यानं मोटारींसाठी नवं तेल आणलं, त्यात एरंडेल मिसळलेलं. नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. कॅस्टर अधिक ऑईल, इतकं सोपं. आज प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर दिसणाऱ्या त्या नावात एरंड बसलाय. पुढे रेससाठी ‘कॅस्ट्रॉल आर’ आलं, ते एरंडेलाचंच. रेसवाल्यांना ते का आवडलं? एक तर भयंकर उष्णतेत आणि दाबात पापुद्रा टिकतो. दुसरं, अनेक रेसच्या गाड्या मिथेनॉलवर, म्हणजे अल्कोहोलवर धावायच्या, आणि तिथे त्याची अल्कोहोलशी असलेली दोस्ती कामी यायची. वास हा बोनस. तो वास ज्यांनी घेतला त्यांच्या डोक्यात तो कायमचा बसला. परदेशात काही हौशी लोक फक्त वासासाठी पेट्रोलमध्ये चमचाभर टाकतात म्हणे.

आता आमगावच्या पद्मिनीकडे येतो.

रोटरी विमानात तेल किती वेळ राहतं? काही मिनिटं. रेसच्या गाडीत? एक रेस. मग गरम असतानाच काढून टाकतात, इंजिनही वारंवार खोलून साफ करतात. घरच्या गाडीत तेच तेल सहा महिने, वर्षभर सम्पमध्ये पडून राहतं. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगतो: जो प्रोग्राम एक काम करून लगेच बंद होतो, त्यात मेमरी लीक असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तोच कोड सर्व्हरवर महिनोन्महिने चालवा, मग बघा.

एरंडेलाचा लीक असा. उष्णता आणि हवा लागली की त्याचे रेणू एकमेकांत गुंफायला लागतात. आधी घट्ट होतं, मग डिंकासारखं, मग पिस्टनवर आणि रिंगांच्या खाचांत तपकिरी लाखेसारखा थर. रिंगा अडकल्या की कॉम्प्रेशन गेलं. तेलाच्या बारीक वाटा बुजल्या की बेअरिंगला तेल पोचत नाही. ते ओलावाही धरतं, आणि आपल्याकडे गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी असते. शिवाय ते साध्या खनिज तेलात मिसळत नाही. आधीचं तेल थोडं जरी राहिलं तरी दोन्ही वेगळी होऊन गाळ होतो. ‘अर्धं हे, अर्धं ते’ हा आपला लाडका उपाय इथे सगळ्यात वाईट.

आणि पद्मिनीला त्याची गरजही नाही. १०८९ सीसीचं, निवांत धावणारं कुटुंबवत्सल इंजिन ते. फियाटनं ते खनिज तेल धरूनच बनवलं होतं. मुंबईत याच इंजिनांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पिढ्या काढल्या, थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत, त्याही साध्या तेलावर. अशा जुन्या इंजिनात कॅमवर टॅपेट घासतात, तिथे झिंकचं संयुग असलेलं तेल हवं. म्हणून मित्राला मी सांगितलं: चांगलं २०डब्ल्यू-५० खनिज तेल, झिंक आहे का ते विचारून घे. इंजिन नुकतंच बांधलंय, तर पहिलं तेल लवकर बदल. बस. वास हवाच असेल तर एखाद्या व्हिंटेज रॅलीला जा आणि दुसऱ्याच्या गाडीमागे उभा राहा.

तो जरा हिरमुसला. म्हणाला, म्हणजे एरंडेल संपलं?

संपलं नाही, वेश बदलला. एरंडेलापासून सेबॅसिक आम्ल काढतात. जेट इंजिनं आली तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या कृत्रिम तेलांत याच आम्लापासून केलेली संयुगं होती. आपल्या गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात बांधली. आज तिथे पायलट तयार होतात आणि कुणाच्याही तोंडावर एरंडेल उडत नाही. एरंडेलापासूनच नायलॉन-११ बनतं, त्याच्या नळ्या ट्रकच्या एअर ब्रेकला आणि गाड्यांच्या इंधनाला लागतात. जगातल्या एरंडेलाच्या निर्यातीत तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा आजही भारताचा आहे, बहुतेक गुजरातचा.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात ग्रीसचा डबा मिळतो, मल्टिपर्पज लिहिलेला. त्यातलं बहुतेक ग्रीस लिथियमचं असतं. ते घट्ट राहतं ते एका साबणामुळे, आणि तो साबण बनतो हायड्रोजन दिलेल्या एरंडेलापासून. मित्राच्या पद्मिनीच्या चारही चाकांच्या बेअरिंगमध्ये मिस्त्रीनं परवा तेच भरलंय.