फुकटचा बसथांबा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसचे प्रशासक काउंट राँब्युतो यांनी रस्त्याकडेला पुरुषांसाठी खांबवजा मुताऱ्या उभारल्या, तेव्हा त्या खांबांची आतली बाजू गरजेसाठी आणि बाहेरची बाजू भित्तिपत्रके डकवण्यासाठी, अशी वाटणी झाली. पुढे १८६८ मध्ये गाब्रिएल मोरिस या मुद्रकाला नाटकांची पत्रके लावण्याचा मक्ता मिळाला आणि त्याच्या नावाने ओळखले जाणारे घुमटदार स्तंभ शहरभर उभे राहिले. मात्र १८७२ मध्ये याच शहरात रिचर्ड वॉलेस या धनिकाने स्वतःच्या पैशाने पिण्याच्या पाण्याची कारंजी बसवली आणि त्यांवर काही विकले गेले नाही, हे विसरता कामा नये; कारण सोय हवी असेल तर जाहिरात सोसावीच लागेल, हा पुढे रूढ झालेला युक्तिवाद त्या कारंज्यांनी आधीच खोटा पाडला होता.

त्या काळी जाहिरातींना विरोध झाला तो मुख्यतः सौंदर्याच्या नावाने. फ्रान्समध्ये २९ जुलै १८८१ च्या कायद्याचा हवाला देऊन 'पत्रके लावण्यास मनाई' असे भिंतींवर रंगवले जाऊ लागले, आणि ती अक्षरे जुन्या इमारतींवर अजूनही दिसतात. लंडनमध्ये घरांच्या छपरांवर सांगाडे उभारून त्यांवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतील अशी प्रचंड अक्षरे बसवण्याची चाल पडली होती. तिला आवर घालणारा कायदा १८९१ मध्ये झाला आणि दोनच वर्षांनी रिचर्डसन एव्हान्स यांच्या पुढाकाराने सार्वजनिक जाहिरातींच्या अतिरेकाविरुद्ध एक संस्थाही स्थापन झाली. छपरावरच्या त्या अक्षरांचे इंग्रजी नाव मुंबई इलाख्याच्या पालिका-कायद्यांत उतरले आणि त्याचे 'आकाशचिन्ह' हे भाषांतर महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांच्या खात्यांच्या पाट्यांवर आजही टिकून आहे. या सगळ्या विरोधाचा रोख भिंतींच्या आणि क्षितिजाच्या विद्रूपीकरणावर होता. जाहिरातीच्या पैशातून शहराने काय घ्यावे आणि त्यासाठी काय द्यावे, हा प्रश्न अद्याप कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न उभा केला एका बसथांब्याने. महामार्गांच्या कडेला फलक लावण्याचा धंदा करणारे जाँ-क्लोद देको हे, १९६४ च्या सुमारास अशा फलकांवर फ्रेंच सरकारने भरमसाट कर बसवल्यामुळे, अडचणीत आले आणि त्यांनी ल्यों शहराचे महापौर लुई प्रादेल यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. बसची वाट पाहणाऱ्यांसाठी छत, आडोसा आणि बाक असलेले निवारे कंपनी स्वखर्चाने बांधील, झाडून-पुसून ठेवील आणि फुटलेली काच बदलील. पालिकेने एक पैसाही न देता कंपनीला केवळ त्या निवाऱ्यावर फलक लावण्याचा हक्क द्यावा. महामार्गावरून हुसकलेली जाहिरात अशा रीतीने वस्तीत आली, आणि तीही उपकारकर्तीच्या वेषात. १९७२ मध्ये हीच रचना पॅरिसने स्वीकारली आणि पुढे जगातल्या असंख्य शहरांनी ती उचलली. मुंबईतल्या बसथांब्यांवरही जाहिरातीचे फलक ओळखीचे झाले आहेत.

या व्यवहाराची खरी मेख कुठे होती, हे पाहायचे तर पदपथावर एका खांबावर उभा असणारा, सुमारे दोन चौरस मीटरचा, काचेआड दिवे असलेला फलक जवळून पाहावा लागतो. फ्रेंच लोक त्याला त्याच्या आकारावरून 'काडीवरचे चॉकलेट' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. नियमांनुसार हा फलक मुळात नगरमाहितीसाठी असतो. जाहिरातीला त्यावर फार तर माहितीइतकीच जागा मिळावी, अशी अट असते आणि म्हणूनच त्याच्या एका अंगाला शहराचा नकाशा किंवा पालिकेची सूचना आणि दुसऱ्या अंगाला अत्तराची बाटली अशी मांडणी होते. विरोधकांनी बोट ठेवले ते नेमके येथे: वाहनांच्या ओघाकडे तोंड करून असते ती बाटली, आणि नकाशा मात्र पाठमोऱ्या बाजूला. अट अक्षरशः पाळली गेली, परंतु ज्याच्या नावाने ती घातली त्या नागरिकाच्या वाट्याला उलटी बाजू आली.

१९९० च्या दशकात फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या जाहिरातविरोधी संघटनांनी आपला मुद्दा सौंदर्यापलीकडे नेला. वर्तमानपत्र मिटता येते, रेडिओ बंद करता येतो. पण बसची वाट पाहणाऱ्याला समोरचा फलक न पाहण्याची मुभा नसते, म्हणून निवारा फुकट नाही, त्याची किंमत नागरिकाच्या नजरेतून वसूल होते आणि तिच्या विक्रीला त्याची संमती कोणी घेतलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे न्याय्य होते. २००३ च्या शरदात पॅरिसच्या मेट्रोतील जाहिरातींवर रंग फासण्याची लाट आली, तेव्हा मेट्रो चालवणाऱ्या वाहतूक संस्थेने ६२ जणांवर लाखो युरोंच्या भरपाईचा दावा लावला. त्यानंतर २००५ मध्ये पुढे आलेल्या 'देबुलोनर' म्हणजे 'बोल्ट काढणारे' या गटाने लपूनछपून काही करण्याचे नाकारले. त्याचे कार्यकर्ते उघडपणे फलकावर रंगाने घोषणा लिहीत, तिथेच थांबून पोलिसांची वाट पाहत आणि खटला चालवावा अशी मागणी करत. सविनय कायदेभंगाची ही रीत भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल. जाहिरात ५० बाय ७० सेंटिमीटरहून मोठी नसावी, एवढीच त्यांची मर्यादित मागणी होती. मार्च २०१३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांच्यातील काहींना, मोठी हानी टाळण्यासाठी अपरिहार्यपणे केलेले कृत्य या कायदेशीर तत्त्वावर, निर्दोष सोडले.

या निकालाच्या आधीच या व्यवहाराचा व्याप वाढला होता. जुलै २००७ मध्ये पॅरिसमध्ये 'व्हेलिब' ही भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली, तिचा मक्ता १,६२८ जाहिरात फलकांच्या मक्त्याशी जोडलेला होता. पर्यावरणस्नेही सायकल आणि तिला पोसणारी मोटारींची जाहिरात, हा विसंगत संसार अनेकांना खटकला. शिवाय चोरी आणि मोडतोड वाढल्यावर त्या खर्चाचा काही भाग शहरालाही उचलावा लागला.

या व्यवहाराला नकार देणारे शहरही पुढे आले. मार्च २०१४ मध्ये फ्रान्समधल्याच ग्रनोब्ल शहरात एरिक प्यॉल हे पर्यावरणवादी महापौर निवडून आले. रस्त्यांवरील फलकांसाठी जाहिरात कंपनीशी असलेला शहराचा करार संपत आला होता आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी तो पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर केले. ३२६ फलक निघणार, त्यांत ६४ मोठ्या आकाराचे, आणि वसंतापूर्वी सुमारे ५० झाडे लावली जाणार, असे ठरले. स्थानिक संस्थांच्या सूचनांसाठी लहान फलक ठेवण्याचेही योजले होते. बुडणाऱ्या उत्पन्नावरून टीका झाली, ती अगदीच निराधार नव्हती, परंतु करार संपल्यावर 'नाही' म्हणण्याचा अधिकार शहराकडे शिल्लक असतो, हे या निर्णयाने दाखवून दिले. बसथांब्यांवरच्या जाहिराती मात्र हलल्या नाहीत, कारण ते थांबे नगरपालिकेचे नव्हते. परिसराच्या वाहतूक प्राधिकरणाने त्यांचा वेगळा करार केला होता आणि त्याची मुदत २०१९ पर्यंत होती.